23.5 किलोपास्कल: मापन बरोबर, निष्कर्ष चूक

हे प्रकरण लिहायचं कारण एकच. त्यातला चुकीचा निष्कर्ष माझ्या सहीने गेला होता. यकृताचा ताठरपणा मोजणारं मशीन चांगलं होतं, मापनाचे नियम पाळले होते, आकडाही खरा होता. तरीही एका माणसाला महिनोन्‌महिने दारुड्या ठरवलं गेलं आणि त्यात माझ्या कागदाचा वाटा मोठा होता. रुग्णाला विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण 34 वर्षांचा, भाजीपाल्याचा टेम्पो चालवणारा. आठ महिन्यांपासून पोट वाढत चाललं होतं. संध्याकाळी पाय सुजायचे, पोतं उचललं की दम लागायचा. गावात आधी गॅसच्या गोळ्या झाल्या, मग तालुक्याला सोनोग्राफी झाली आणि पोटात पाणी निघालं. पोटात पाणी म्हणजे लिव्हर आणि लिव्हर म्हणजे दारू, हे आपल्याकडे इतकं घट्ट बसलं आहे की त्यापुढचा प्रश्न विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. तो सांगत होता, जत्रेला एखाद्या वेळी घेतो, एरवी नाही. पण ड्रायव्हरचं हे बोलणं कोण खरं मानणार? सासरच्यांनी बायकोला माहेरी नेऊन ठेवलं होतं. हे सगळं मला पुढे कळलं. पहिल्या दिवशी माझ्यासमोर होती फक्त चिठ्ठी: "जलोदर, सिरॉसिस आहे का पाहावे, इलास्टोग्राफी." जलोदर म्हणजे पोटात साचलेलं पाणी, सिरॉसिस म्हणजे व्रणांनी कडक झालेलं यकृत, आणि इलास्टोग्राफी म्हणजे यकृत किती ताठ आहे हे मोजायची तपासणी. ती मी करते.

माझ्याकडे येण्याआधी तो शहरात फायब्रोस्कॅनला, म्हणजे ताठरपणा मोजणाऱ्या दुसऱ्या एका यंत्राकडे, जाऊन आला होता. तिथे मशीनने एकही वैध माप दिलं नाही. यात तिथल्या कुणाची चूक नव्हती. फायब्रोस्कॅनचा प्रोब बरगड्यांच्या फटीत टेकवून त्वचेवर हलकी टिचकी मारतो. त्या टिचकीने 50 हर्ट्झची एक आडवी थरथर शरीरात आत शिरते आणि तिचा वेग सोनोग्राफीच्या लहरींनी मोजला जातो. हिला शिअर वेव्ह म्हणतात. कण लाटेच्या दिशेला आडवे हलतात, दोरीला हिसका दिल्यावर दोरी हलते तसे. अशी लाट पुढे जायला एका थराने शेजारच्या थराला ओढावं लागतं. पाणी कुणाला ओढत नाही. त्यामुळे त्वचा आणि यकृत यांच्यामध्ये जलोदराचं पाणी असलं की टिचकी पाण्यातच विरते आणि यकृतापर्यंत पोचतच नाही.

आमच्याकडे सोनोग्राफीच्या मशीनवरच शिअर वेव्हची सोय आहे. त्यात त्वचेवर टिचकी नसते. प्रोबमधून ध्वनीचा एक जोरकस झोत थेट यकृतात ठराविक खोलीवर एकवटतो आणि तिथल्या ऊतीला काही मायक्रॉन ढकलतो. म्हणजे लाट यकृताच्या पोटातच जन्म घेते. बाहेर पाणी असलं तरी फारसं बिघडत नाही. ध्वनी शरीरात सेकंदाला 1540 मीटर धावतो आणि ही शिअर वेव्ह निरोगी यकृतात सेकंदाला जेमतेम 1.2 मीटर, म्हणजे माणसाच्या चालीने. एक चालतो, दुसरा विमानापेक्षा वेगाने पळतो, म्हणून चालणाऱ्याचे सेकंदाला हजारो फोटो काढता येतात. पॅरिसमध्ये मातियास फिंक, मिकाएल तांतेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अतिवेगवान चित्रण विकसित केलं, आणि त्यातून पडद्यावर ताठरपणाचा रंगीत नकाशा दाखवणारी यंत्रं आली.

वेगावरून ताठरपणा काढायचं गणित साधं आहे. मीटर-प्रति-सेकंदमधल्या वेगाचा वर्ग करायचा आणि 3 ने गुणायचं. उत्तर किलोपास्कलमध्ये येतं. 1 मीटरला 3, 2 मीटरला 12. वेग दुप्पट झाला की आकडा चौपट होतो, म्हणून वेगातली थोडी चूकही किलोपास्कलमध्ये फुगून दिसते.

त्या दिवशीचं मापन मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. तो उपाशी आला होता. उजवा हात डोक्यावर घेऊन किंचित डाव्या अंगावर झोपवलं. पोट ताणलेलं, त्यामुळे उताणं पडल्यावर धाप लागत होती. प्रोब सातव्या-आठव्या बरगडीच्या फटीत, यकृताच्या आवरणापासून दोन सेंटिमीटर खाली चौकट, मोठ्या रक्तवाहिन्या टाळून. "श्वास ओढू नका, सोडू नका, आहे तिथेच थांबवा." हे वाक्य मी दिवसातून शंभरदा म्हणते. त्याला ते जमत नव्हतं. तीन सेकंद थांबायचा आणि तोंड उघडून हवा घ्यायचा. मी चिडले नाही, पण घाईत होते. पाच चांगली मापं मिळाली. मध्यमान वेग 2.8 मीटर प्रति सेकंद, म्हणजे 23.5 किलोपास्कल. मापांमधला पसारा मध्यमानाच्या 30 टक्क्यांच्या बराच आत, म्हणजे माप भरवशाचं.

चौकट पिवळ्या-लाल रंगाने भरून गेली होती. रंगांचा माणसाच्या मनावर फार परिणाम होतो. निळं म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट, आणि इतकं एकसारखं लाल दिसल्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. या पद्धतीसाठी जी मार्गदर्शक सूत्रं आम्ही वापरतो त्यांनुसार 5 किलोपास्कलपर्यंत यकृत निरोगी मानतात, 9 च्या खाली दीर्घकालीन प्रगत आजार नाही असं धरतात, 13 च्या वर तो आहे असं धरतात आणि 17 च्या वर पोर्टल शिरेतला, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतला, दाबही वाढला असावा असं म्हणतात. 23.5 या सगळ्यांच्या पलीकडे. मी लिहिलं: "एफ-4, सिरॉसिसशी सुसंगत." एफ-4 म्हणजे यकृतातल्या व्रणांची शेवटची पायरी.

याच सूत्रांच्या खाली एक ओळ असते. तीव्र हिपॅटायटिस, पित्तमार्गातला अडथळा आणि हृदयाकडून येणारा रक्ताचा तुंबारा असेल तर हे आकडे लावू नयेत. ती ओळ मला पाठ होती. ती या रुग्णाला लावून पाहिली नाही, एवढंच.

पुढे आणखी एक गोष्ट घडली, तिने चूक आणखी पक्की केली. पोटविकारतज्ज्ञांनी खात्रीसाठी एमआर इलास्टोग्राफी करवली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रिचर्ड एहमन यांच्या गटाने 1995 मध्ये जगासमोर मांडलेली ही पद्धत. छातीच्या उजव्या बाजूला डबीसारखं एक यंत्र बांधतात, ते 60 हर्ट्झने थरथरतं आणि यकृतात पसरणाऱ्या लाटा एमआरआय टिपतो. तिलाही पोटातल्या पाण्याची अडचण सहसा होत नाही. रिपोर्ट आला: 7.7 किलोपास्कल. घरच्यांना वाटलं 23 चे 7 झाले, पोरगं सुधारतंय. त्याच्या आईने देवीला नारळ फोडला.

पण तो आकडा खाली आलाच नव्हता. ताठरपणा सांगायची दोन वेगळी मापं आहेत. एमआर इलास्टोग्राफीत शिअर मॉड्युलस छापतात, आमच्या मशीनवर यंग्ज मॉड्युलस. मऊ ऊतींमध्ये दुसरा पहिल्याच्या तिप्पट असतो. 7.7 गुणिले 3 म्हणजे 23.1. दोन्ही रिपोर्टवर एकक एकच, किलोपास्कल. अर्थ मात्र वेगळे. हे त्या मायलेकांना समजावून सांगणारं मधे कुणीच नव्हतं. माझ्या मते रिपोर्ट लिहिणाऱ्याने पद्धत आणि कोणतं मॉड्युलस हे आकड्याच्या शेजारीच छापलं पाहिजे, खालच्या बारीक अक्षरांत नाही.

डॉक्टरांना अर्थातच तिप्पटीचं गणित माहीत होतं. त्यांनी त्यातून निष्कर्ष काढला तो असा: दोन वेगळ्या यंत्रांनी एकच सांगितलं, म्हणजे सिरॉसिस नक्की. मीही तसंच मानलं. आता मागे वळून पाहताना सगळ्यात खटकतं ते हेच. दोन्ही यंत्रांनी एकाच गोष्टीची साक्ष दिली होती, की यकृत ताठ आहे. ते कशामुळे ताठ आहे हे दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी दोघांनाही सांगता आलं नसतं.

बाकीचे कागद वेगळंच बोलत होते. प्लेटलेट 2,10,000. इतक्या पुढे गेलेल्या सिरॉसिसमध्ये त्या बहुधा घसरलेल्या असतात. प्लीहा वाढलेली नाही. दुर्बिणीतून पाहिलं तर अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा नाहीत. एएसटी आणि एएलटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स जवळपास सारखी, दारूच्या यकृतात एएसटी बहुधा दुपटीने वर असतो. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. पोटातल्या पाण्याची तपासणी तर ओरडून सांगत होती: रक्त आणि पाणी यांच्यातल्या अल्ब्युमिन या प्रोटीनमधला फरक 1.4, म्हणजे दाबामुळे साचलेलं पाणी. आणि पाण्यातलं प्रोटीन 3.9 ग्रॅम. सिरॉसिसच्या पाण्यात प्रोटीन सहसा 2.5 च्या खाली असतं. दाब वाढलेला आणि प्रोटीनही जास्त, हे दोन्ही एकत्र दिसलं की हृदयाकडे पाहायचं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. पण प्रत्येक कागद वेगळ्या दिवशी, वेगळ्या टेबलावर वाचला गेला, आणि प्रत्येक टेबलावर सिरॉसिस हा शब्द आधीच येऊन बसला होता.

पहिल्या रिपोर्टनंतर तीन महिन्यांनी तो पुन्हा माझ्याकडे आला, सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली पाणी काढायला. टेबलावर चढून बसला आणि शर्टाची बटणं काढू लागला. मी जेलची बाटली उचलली होती. खिडकीचा उजेड त्याच्या मानेवर पडला होता आणि ताठ बसलेल्या माणसाच्या मानेत, कानाच्या पाळीपर्यंत, शीर टरारून भरलेली दिसत होती. ती हलत होती. वर येऊन झपकन खाली पडायची, पुन्हा भरायची. मी त्याला खोल श्वास घ्यायला सांगितलं. एरवी श्वास आत घेतला की मानेतली शीर खाली बसते. त्याची आणखी वर चढली.

बाटली खाली ठेवली आणि प्रोब छातीच्या हाडाखाली लावला. हृदयाकडे जाणारी खालची महाशीर 26 मिलिमीटर. "नाकाने जोरात हवा ओढा" म्हटल्यावर ती अर्ध्याहून जास्त चिमटायला हवी होती. ती जागची हलली नाही. यकृतातल्या शिरा पंजाच्या बोटांसारख्या जाड पसरलेल्या. पोर्टल शिरेतला प्रवाह एका लयीत वाहण्याऐवजी नाडीसारखा उसळत होता. पुन्हा ताठरपणा मोजला: 3 मीटर प्रति सेकंद, 27 किलोपास्कल.

ही शिरांची जाडी पहिल्या दिवशीही असणारच. त्या दिवशी मोठ्या रक्तवाहिन्या टाळायच्या म्हणून मी त्यांच्यापासून चौकट दूर ठेवली. त्यांना टाळलं, पण पाहिलं नाही.

दाबामुळे यकृत ताठ कसं होतं, हे मी त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं. सायकलच्या ट्यूबचं रबर मऊच असतं. हवा भरली की ती कडक लागते. बोटाने दाबून सांगता येत नाही की रबर जून होऊन कडक झालंय की आत हवा जास्त आहे. यकृताभोवतीही एक आवरण असतं, फारसं न ताणणारं. त्यातून रोज जाणारं रक्त हृदयापाशी अडलं तर ते मागे तुंबतं, आवरण ताणतं, आणि लाट ताणलेल्या ऊतीतून वेगाने पळते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मॅडम, ट्यूब खराब नाही. हवा जास्त झालीय."

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी हेच 2010 मध्ये डुकरांवर दाखवून दिलं होतं. यकृतातलं रक्त हृदयाकडे नेणारी महाशीर चिमट्याने बंद केली तेव्हा यकृताचा ताठरपणा सुमारे 3 किलोपास्कलवरून 28 च्या आसपास गेला, आणि चिमटा काढल्यावर काही मिनिटांत पुन्हा खाली आला. काही मिनिटांत कुठलाही व्रण तयारही होत नाही आणि विरघळतही नाही. बदलला होता तो फक्त दाब. खरं सांगायचं तर यासाठी डुकरांपर्यंत जायचीही गरज नव्हती. जेवल्यावर यकृताकडे रक्त वाढतं आणि ताठरपणाचा आकडा वर सरकतो, म्हणून रोज सकाळी प्रत्येक रुग्णाला "चार तास उपाशी या" असं मीच सांगते. वाटीभर भाताने आकडा हलतो हे ज्या बाईला माहीत आहे, तिने तुंबलेल्या हृदयाचा विचार करायला हवा होता.

मग हृदय आधी कुणी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. फाईलमध्ये टू-डी एकोचा कागद होता: "ईएफ 60 टक्के, नॉर्मल स्टडी." तो वाचून सगळे निर्धास्त झाले. ईएफ सांगतो हृदय किती जोरात पिळतं. हे हृदय पिळत उत्तमच होतं. त्याला भरायला जागा नव्हती. भोवतीचं आवरण, पेरिकार्डियम, जाड होऊन त्याला आवळून बसलं होतं. नेमका हा संशय कळवून हृदयविकारतज्ज्ञांना फोन केला तेव्हा त्यांनी पुन्हा एको केला. या वेळी दिसलं: दोन कप्प्यांमधला पडदा प्रत्येक ठोक्याला उडी मारत होता आणि श्वासागणिक झडपेतून जाणारा प्रवाह 25 टक्क्यांहून जास्त बदलत होता. बाजूने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत हृदयाच्या कडेने चुन्याची पांढरी रेघ होती. समोरून काढलेल्या जुन्या एक्स-रेत ती कण्याच्या आणि हृदयाच्या सावलीत लपली होती. सीटी स्कॅनमध्ये आवरणाची जाडी 8 मिलिमीटर भरली. 4 च्या वर गेली की संशय घेतात.

कारण विचारलं तेव्हा आई बोलली. मुलगा 19 वर्षांचा असताना छातीत पाणी झालं होतं, टीबीच्या सहा महिने गोळ्या खाल्ल्या होत्या, बरा झाला होता. आपल्या देशात हृदय असं आवळलं जाण्याचं एक मोठं कारण टीबीच आहे, आणि जखम भरल्यावर वर्षानुवर्षांनी तिचा व्रण आकसत जातो. "आधी सांगितलं नाहीत का कुणाला?" मी विचारलं. ती म्हणाली, "बाई, सगळ्यांनी दारूचंच विचारलं. दुसरं कुणी काय विचारलंच नाही."

शस्त्रक्रिया पुण्यात, सरकारी आरोग्य योजनेतून झाली. छातीचं हाड मधोमध उघडून हृदयावरचं कडक कवच तुकड्यातुकड्याने सोलून काढतात. जोखमीचं काम आहे. चुना कधी कधी स्नायूत रुतलेला असतो. महाशिरेतला दाब सुरुवातीला 22 होता, छाती बंद करताना 9. काढलेल्या तुकड्यांत जुना व्रण आणि चुना निघाला, जिवंत टीबीची खूण नव्हती.

तीन महिन्यांनी तो आला तेव्हा पोटात पाणी नव्हतं. वजन 11 किलोंनी उतरलं होतं, ते सगळं पाण्याचंच. श्वास थांबवायला सांगितला तर दहा सेकंद सहज थांबला. वेग 1.9, म्हणजे 10.8 किलोपास्कल. इथे मी मुद्दाम थांबले. 10.8 हा आकडा एरवी संशयाच्या पट्ट्यात येतो आणि घरच्यांना वाटलं होतं की आकडा एकदम शून्यावर येईल. दीर्घकाळ तुंबलेल्या यकृतात थोडा खरा व्रणही होऊ शकतो. किती आहे हे दाब पूर्ण उतरल्याशिवाय सांगता येत नाही. तसंच सांगितलं, आणि वर्षाने बोलावलं.

वर्षानंतर: 1.5 मीटर प्रति सेकंद, 6.75 किलोपास्कल. महाशीर 17 मिलिमीटर, हवा ओढताच चिमटणारी. माप घेण्याआधी मी त्याला टेबलावर बसवून मान पाहिली होती. आता प्रत्येक रुग्णाची पाहते, आणि महाशिरेची जाडी व यकृताच्या शिरा नोंदवल्याशिवाय आमच्या केंद्रातून ताठरपणाचा आकडा बाहेर जात नाही. "एफ-4" हे अक्षरही आम्ही छापत नाही. आकडा, पद्धत, मॉड्युलस, पसारा, उपाशी होता की नाही आणि एएलटी किती, एवढं लिहितो. निदान लिहायचा हक्क रुग्ण पाहणाऱ्याचा.

निघताना आईने पिशवीतून पहिला रिपोर्ट काढला. प्लॅस्टिकच्या पाकिटात, घडीवर फाटत आलेला. तिला एकच विचारायचं होतं: यावर लिहिलेलं खोडून देता येईल का? सूनबाई परत आली आहे, पण तिच्या वडिलांकडे याची झेरॉक्स आहे. जुना रिपोर्ट खोडता येत नाही, तो नोंदीत राहतो. त्याला पुरवणी जोडता येते. मी तिथेच बसून लिहिली, इंग्रजीत आणि खाली मराठीत: "या रुग्णाच्या पहिल्या रिपोर्टमधील 23.5 किलोपास्कल हे माप योग्य आहे. 'सिरॉसिसशी सुसंगत' हा निष्कर्ष मागे घेत आहे. ताठरपणा हृदयाभोवतीच्या आवरणाच्या आजारामुळे यकृतात रक्त तुंबल्याने होता. तपासण्यांमध्ये मद्यामुळे झालेल्या यकृतविकाराचा पुरावा नाही." सही केली, शिक्का मारला. तिने वाचून घ्यायला सांगितलं. मी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग तिने दोन झेरॉक्स मागितल्या.